नेल्फीच्या कानातला करंट

माझी धाकटी बहीण नेल्फी आमच्या मोंतेरिया शहराच्या बाजारात मासे तळायची. कढई आणि तोंड, दोन्ही एकदम चालायची. एके दिवशी मोटारसायकलवरून पडली, डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. शुद्धीवर आली ती वेगळीच बाई.

बसवेचना तिला. जेवता जेवता उठायची, अंघोळ अर्धी टाकून बाहेर यायची. तेल तडतडलं की कान दाबून पळायची. मिठाला शब्द सापडायचा नाही; "ते पांढरं गं, पांढरं!" म्हणत टेबल बडवायची. मी आणि तिचा नवरा उबाल्दो आळीपाळीने तिच्यामागे.

इस्पितळात एक प्रयोग चालू होता. कानाच्या खळग्यात चिमटा लावायचा, बारीक करंट सोडायचा. तिथली नस तो मेंदूपर्यंत नेते म्हणे. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं, "गुण येईलच असं नाही. काही यंत्रांत करंट नसतोच. कुणाच्या, ते शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

"म्हणजे फसवणार मला?"

"हो, पण सांगून."

"मग चालेल. उबाल्दो न सांगता फसवतो."

अपघातानंतर ती पहिल्यांदा थट्टा करत होती. उबाल्दो दाराआड जाऊन रडला.

रोज सकाळी ती चिमटा लावून माझ्याशेजारी बसायची. आधी पाय नाचायचे, मग नुसते अंगठे. शब्द परतू लागले. एकदा तर तिने अख्खं जेवण बसून संपवलं. गल्लीभर मी करंटचे गोडवे गायले.

प्रयोग संपला तेव्हा कळलं: नेल्फीच्या यंत्रात करंट नव्हता.

"मग बरी कशाने झाले मी?" ती ओरडली.

"मेंदू आपणहून सावरतो कधी कधी," बाई म्हणाल्या. "आणि रोज कुणीतरी शेजारी बसलं, त्याचाही वाटा असेल. नक्की सांगता येत नाही."

प्रयोगाच्या नियमाप्रमाणे आता तिला खरा करंट मिळणार होता. तिने तो घेतला. कानात मुंग्या येतात, एवढंच सांगते. तेलाचा आवाज अजून सोसत नाही, म्हणून बाजारात चीज विकते, तेही उभ्याउभ्याच.

पण तिची घालमेल आता वेगळीच आहे. चीज कापता कापता मध्येच थांबते.

"ताई, कालच्यापेक्षा बरी आहे ना गं मी?"

"आहेस."

"कशावरून?"

एवढं विचारून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.