हसऱ्या म्हशीचा राग

कोल्हापुरात चिडक्या माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता, पण बडबडगीतांच्या पुस्तकांवर चिडणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मंगळवार पेठेतले हे मामा कोडोलीच्या शाळेतून चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि शाळेत उरलेला सगळा राग घरी घेऊन आले. कुठं लहान मूल दिसलं की मामा त्याचा पापा घेत नाहीत, त्याचं पुस्तक मागतात. आमच्या मुलीच्या वाढदिवसाला कुणीतरी चांगलं गुळगुळीत, रंगीत पुस्तक दिलं होतं. पाहुणे केक खात होते आणि मामा कडाडले, "घराला धुराडं? ह्ये घर हाय का गुऱ्हाळ?" एवढं बोलून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि धुराडं खोडलं. मुलीनं भोकाड पसरलं. "रडू दे. पर खरं बघून रडू दे," मामा म्हणाले. मी तापलो, तर बायको दटावणीच्या सुरात म्हणाली, "मामा आहेत." आमच्या घरात या दोन शब्दांपुढं कुणाचं काही चालत नाही.

या रागाच्या मुळाशी एक हौस होती. त्यांची लेक मांडीवर असताना मामांनी तिच्यासाठी स्वतःच बडबडगीतं रचली होती. 'म्हशीबाई डुंबली, पंचगंगा तुंबली' हे त्यातलं पहिलं. त्यांचं एक सचित्र पुस्तक निघावं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. अखेर एक प्रकाशक तयार झाला. मामांनी गोठ्यात बसून म्हशी काढल्या, अगदी शेपटीच्या शेणासकट. प्रकाशक म्हणाला, "मास्तर, चित्रं झकास. फक्त म्हस जरा हसरी करा, पोरांना आवडतं." मामांचा आवाज खालच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेला. "हसरी? एक हसरी म्हस दावा मला, पाय धरतो तुमचं! म्हस रवंथ करती, लाथ मारती. हसत न्हाय!" चित्रं काखोटीला मारून मामा निघून आले. गाणी मात्र तिथंच राहिली. वर्षभरात पुस्तक निघालं. गाणी मामांची, चित्रं भलत्याचीच, आणि मुखपृष्ठावर म्हैस बत्तीशी दाखवत हसतेय. मला त्या प्रकाशकाचा आजही संताप येतो. एखाद्याची जन्माची हौस अशी परस्पर उरकून टाकतात का? आणि मामांचाही येतो. म्हशीचा ओठ जरा वर वळवला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? मामांनी त्या पुस्तकाला घराचा उंबरा ओलांडू दिला नाही.

तो ओलांडला नातीनं. लेक बेंगळुरूला असते. दिवाळीला ती आली तेव्हा चार वर्षांच्या नातीच्या बगलेत तेच पुस्तक होतं आणि सगळी गाणी तोंडपाठ. मामा तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी तिनं खरी म्हैस बघायचा हट्ट धरला, तसे मामा खुलले. "चला जावईबापू, आता कळंल तिला!"

आमच्याकडे दुधाच्या कट्ट्यावर म्हशी रस्त्यातच उभ्या करतात आणि समोर धार काढून दुधाचा पेला हातात देतात. नात एका म्हशीपुढं उभी राहिली, हातवारे करत अख्खं गाणं म्हणाली आणि वाट बघू लागली. म्हैस रवंथ करत राहिली. नातीनं डोळे घट्ट मिटून पुन्हा गाणं म्हटलं. मग ओठ काढून ती मामांकडं वळली. "आज्जा, ही हसतच नाही. माझं गाणं चुकलं का?"

मामांना आयुष्यात मिळालेली एवढी जंगी जीत मी पाहिली नव्हती. आता हे काय ऐकवतात म्हणून मी धास्तावलो. मामा खाकरले.

"हसली की! तू डोळं मिटून गात हुतीस, तवाच हसली. जावईबापू, तुमी बघितलासा न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

परतताना ती त्यांचं बोट धरून गात होती. घरी येईपर्यंत मामा कुणावरही ओरडले नाहीत, आणि मला सारखं वाटत राहिलं, यांनी आता कुणावर तरी चिडावं.