पोस्टाची परीक्षा आन साहेबाचं कार्ड

किस्से कसे साचत्यात म्हनून सांगू? नामांतराच्या वक्ताला चार दिस यष्टी बंद होती, तवा पोस्टात थैल्या साचल्या. अगदी तशेच! एक काढायला गेलं की दुसरी अंगावर पडते.

मी चौथी शिकलेली, पन चारठान्याकडल्या आमच्या खेड्याच्या पोस्टात पॅकर होते. पेटी उघडायची, थैली बांधायची, यष्टीत चढवायची. आत मास्तर, बाहीर किसन पोस्टमन. बस, तिघाचं राज्य!

* * *

एका साली परभनीहून कागद आला. महिनाभर गुपचूप परीक्षा! साहेब कुठूनबी ट्रायल कार्ड टाकनार आन ते कवा पोचलं, कुनाला पोचलं, ते बगनार. घोळ झाला की पोस्ट बंद!

मास्तरचं तोंड कारल्यावानी झालं. "चंद्राबाई, आता कसं?"

"लेकरं परीक्षेच्या आधी सराव करत्यात का न्हाई? आपुन बी करू!"

सराव म्हंजे काय, तर मीच कार्डं टाकायले लागले!

* * *

पैल्या कार्डावर नाव न्हाई, गल्ली न्हाई. लिवलं, "जिची म्हैस काल हिरीत पडली तिला."

किसननं वाचलं, सायकलीवर टांग टाकली आन गेला. अर्ध्या घंट्यात वापस.

"दिलं का रे?"

"दिलं. पन म्हैस काल न्हाई, परवा पडली व्हती. पत्ता नीट लिवत जावा, मावशी!"

* * *

दुसरं कार्ड मास्तरलाच. "तुमी दुपारी टेबलावर डोकं ठिवून घोरता. आमचं लक्ष हाय. – एक साहेब."

मास्तरनं सोताच्या हातानं त्याच्यावर शिक्का मारला, वाचलं, आन खुर्चीत ताठच बसले! आठ दिस मानूस डोळा मिटंना. नवव्या दिशी हळूच म्हनले, "बाई, या साहेबाचं अक्षर तुमच्यासारखं कामून हाय?"

"मोठ्या लोकाचं अक्षर असंच असतंय, मास्तर!"

* * *

पन एका एका कार्डानं काय कळतंय? गाडीची ताकद ओझं टाकल्यावरच कळती!

पंचमी जवळ आलती. पंचमीला न्यायला ये म्हनून हरेक सासुरवाशीन भावाला कार्ड टाकतीच. मी घरोघर फिरले. "बायाहो, समद्याजनी एकाच दिशी टाका!" जिला लिवता येईना तिचं मी लिवलं, "दादा, न्यायला ये."

पेटीचं तोंड भरलं. राह्यलेली कार्डं मी पदरात घेतली. मास्तर शिक्का मारायलेत, ठप ठप ठप! उजवा हात सुजला, मंग डाव्यानं मारले. यष्टी हालायच्या आत थैली चढवली.

कंडक्टर म्हनला, "मावशी, यात कापूस भरलाय का?"

"न्हाई रे, माहेर भरलंय!"

चौथ्या दिशी एकाच यष्टीतून एकोनीस भाऊ उतरले! कुनी सोनपेठचा, कुनी पालमचा. एकीचाच आला न्हाई. ती किसनला भांडायली, "माझं कार्ड कुठं टाकलंस?"

किसन म्हनला, "ताई, कार्ड पोचलंय. भावाचं मला सांगता येत न्हाई."

मंग पुढल्या यष्टीनं तोबी आला!

* * *

आता पोस्ट वाचलं कसं, ते सांगते.

महिन्याचा शेवटला दिस. यष्टीतून एक परका मानूस उतरला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आन पायात बूट! तेबी असे चकचकीत की तोंड बगावं. समोरच्या हाटेलात चहा घ्यायला बसला.

मी इचारलं, "दाजी, मेंढरं कुठं सोडली? का बुटात कोंबली?"

"मागून यायलीत," म्हनला. आन चहाच्या कपात बगत बसला.

त्याच यष्टीच्या थैलीत एक कार्ड निघालं. गनपत लिंबाजी शेळके. या नावाचा मानूस आमच्या गावात झालाच न्हाई! मास्तरनं "पत्ता लागत न्हाई" लिवायला पेन उचलला. किसननं कार्ड हातातून घेतलं, सीदा हाटेलात गेला आन त्या मानसाच्या कपाजवळ ठिवलं.

"घ्या, तुमचं पत्र."

मानूस ताडकन उठला. "अरे, शेळके नावाचं या गावात कुणी नाहीच! पोस्टमन असून तुला एवढंही माहीत नाही?"

किसन म्हनला, "मला ठावं हाय. तुमाला कसं ठावं, साहेब?"