चाळीस वर्षांचा कागद

तासगावच्या बेदाणा मार्केटात बातमी उठली होती की धरणेंद्र अण्णांना मरायचंच नाही. चहावाला जयराज ती बातमी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी फोडणी देऊन वाढायचा. "म्हातारं बहात्तरीचं, आन् सरकारी रोखे घेतल्यात चाळीस वर्सांचे! मुद्दल हातात पडंल तवा एकशे बाराचं आसंल. यम दारात हुबा ऱ्हायला तर म्हनंल, बस की गड्या, च्या घे, माजा कागद अजून पिकायचा हाय!" ऐकणारे बशीतला चहा सांडेपर्यंत हसायचे.

दुकान विकून अण्णांनी सगळा पैसा रोख्यांत घातला, हे खरं होतं. मोबाइलवरून घातला, हेही खरं. पण ती चाळीस वर्षं त्यांनी स्वतःसाठी धरलीच नव्हती. ती मुलाची होती.

मुलाचं नाव अतिशय. तो पस्तिशीचा होता आणि सहा वर्षांच्या पोरासारखा होता. शर्टाची बटणं अजून त्याची आई, गुणमालाकाकू, लावून द्यायच्या आणि मग तो वडिलांबरोबर मार्केटात जायचा. अण्णा बेदाण्याचे अडते. सौद्याला नमुन्याचं ताट फिरायचं, व्यापारी भाव चढवत न्यायचे, आणि शेवटचा भाव आला की अतिशय दोन्ही हात वर करून ओरडायचा, "दिला!" नवख्या व्यापाऱ्याला आधी हसू यायचं. पुढे पुढे अशी सवय जडली, की त्यानं "दिला" म्हटल्याशिवाय अण्णांच्या मालाचा सौदा पुरा झाला असं कुणी धरत नसे.

"आपल्यामागं ह्यानं कुनाफुडं हात पसराय नगं," एवढी एकच गोष्ट अण्णांना खात होती. पुतण्या धवल कुपवाडला कारखान्यात होता. पोरगा चांगला, पण त्यालाही त्याचा संसार. त्यानंच अण्णांच्या फोनवर रोखे घ्यायचं ॲप घालून दिलं आणि समजावलं. पैसे सरकारला द्यायचे, दर सहा महिन्यांनी व्याज खात्यात येणार, मुदत संपली की मुद्दल परत.

"फकस्त लिलावात आपन भाव बोलायचा न्हाई, अण्णा. किती पायजे तेवढं सांगायचं. भाव मोठ्या बँका ठरवत्यात."

अण्णांनी चष्मा काढला. "भाव न बोलता माल घ्यायचा? मग त्याला लिलाव कशापायी म्हनत्यात रं?"

लिलाव त्यांना पटला नाही तो नाहीच. दुसऱ्यांनी विकायला काढलेले रोखे त्यांनी घासाघीस करून घ्यायचं ठरवलं. रक्कम मोठी, म्हणून ॲपवाल्यांच्या मुंबईच्या ऑफिसातून प्रियदर्शनी नावाच्या मुलीचा फोन आला. "सर, ॲक्च्युअली एवढी क्वांटिटी एका ऑर्डरमध्ये नाही ना मिळणार. आपण थोडे थोडे घेऊया, चालेल ना सर? आणि सर, तुमच्या वयाला दहा वर्षांचे बघूया का?"

"चाळीसचेच. आन् ताई, भाव ठरला की जरा फोन धरा. आमचा मानूस 'दिला' म्हनतोय, मंग मी बटन दाबतो."

"ओके सर. तुमचे ट्रेडर आहेत का?"

"व्हय. लय जुनं हाईत."

दर खेपेला अतिशयनं हात वर करून "दिला!" म्हटलं आणि मगच अण्णांचं बोट पडलं. आपण घेतोय, मग "घेतला" म्हणायला नको का, असं धवलनं विचारलं, तर अण्णा म्हणाले, "त्याला येवढंच येतंय. आन् तेवढं पुरं हाय."

अतिशय लहान असताना मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काळीज अधू आहे, फार आशा धरू नका. ते अण्णांनी ऐकलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. रोख्यांचा शेवटचा तुकडा घेतला त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकल्यावर, ते काकूंना हळूच म्हणाले, "येवढा लांबचा कागद घेतलाय. आता पोराला ऱ्हायलाच लागंल की गं तंवर." काकूंनी अतिशयची कॉलर सरळ केली.

मार्केटला बाकी सगळं कळलं होतं, एवढंच तेवढं कळायचं राहून गेलं होतं.

व्याज जमा झालं की मेसेज येऊन फोन वाजायचा. अतिशय तो कानाला लावायचा, कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवायचा आणि "दिला!" म्हणून अंगणभर फिरायचा. आमचं घर शेजारी, आणि मला जयराजपासून प्रियदर्शनीपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायची खोड. त्यातून आमचा एक खेळ निघाला. अण्णांनी भिंतीकडे तोंड करायचं. अतिशयनं किंवा मी "दिला!" म्हणायचं. कोण ते अण्णांनी ओळखलं तर मी त्यांना मूठभर बेदाणे द्यायचे, चुकले तर त्यांनी मला. ते कधीच चुकले नाहीत. जिंकलेले बेदाणे तिथल्या तिथं अतिशयच्या खिशात जायचे.

द्राक्षाच्या ऐन हंगामात, दुपारचं जेवण झाल्यावर, अतिशय भिंतीला टेकून झोपला तो उठला नाही.

पुढचं व्याज ठरल्या दिवशी आलं. फोन वाजला. काकूंनी तो उचलला, ज्वारीच्या डब्यात घातला आणि वरून झाकण दाबलं. "आवं, कुनाला पाठवत्यात ह्ये?" त्या म्हणाल्या. आत, ज्वारीत, तो आणखी एकदा वाजला.

अण्णा बरेच दिवस मार्केटकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस सांगलीला, दुकान विकल्यापासून अतिशय कागदी पिशव्या करायला जायचा त्या शाळेत गेले. त्याच्यासारखी मुलं तिथं दिवसभर असायची, पण ज्यांच्यामागं कुणीच उरलं नव्हतं त्यांना ठेवून घ्यायला शाळेकडे खोल्या नव्हत्या. परत आले ते धवलला फोन करून, "इकायचं हाय" म्हणाले.

धवल सुटी टाकून आला. "अण्णा, येड्यासारकं करू नगासा. बाजारात व्याजाचे दर चढल्यात, म्हनून आपल्या रोख्याचा भाव पडलाय. लांबच्या कागदाला मार जास्ती बसतो. शाळेला वरचं व्याज द्या की. मुद्दल ऱ्हाऊ दे. चार वर्सं थांबला तर भाव वर येतोय."

"त्या पोरांना खोल्या आता पायजेत. आन् थांबायला कोन हाय रं आता?"

धवलनं प्रियदर्शनीचा नंबर लावला.

ॲपवर दिसत होते ते सगळे किरकोळ घेणारे. सगळे रोखे एकदम उचलणारा प्रियदर्शनीनं शोधून काढला. फोन बाहेरच्या सोप्यातल्या स्टुलावर मोठ्या आवाजात ठेवलेला. भाव अण्णांनी घेतलेल्यापेक्षा बराच खाली होता.

"सर, हा भाव पाचच मिनिटं आहे हां. तुमच्या त्या ट्रेडरना बोलवताय ना?"

अण्णांचं बोट फोनवर, पण टेकत नव्हतं.

"सर? हॅलो? ऐकू येतंय ना?"

अण्णांनी उंबऱ्यात बसलेल्या माझ्याकडं पाहिलं. "म्हन, पोरी." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "आज मला फरक कळला न्हाई, तर पैज तुजी."

मी म्हटलं. तोच घोगरा आवाज, तोच शेवटचा हेल. "दिला!" आत काकूंच्या हातातली परात खाली गेली आणि फिरत फिरत थांबली. अण्णांनी बटण दाबलं.

"थँक यू सर, झालं," प्रियदर्शनी म्हणाली.

मला वाटलं, जिंकले. अण्णा भिंतीकडंच तोंड करून होते.

"तू एका दमात म्हनतीस," ते म्हणाले. "त्याला मदी दम घ्याय लागायचा."

मी घरी जाऊन मूठभर बेदाणे आणले आणि त्यांच्या हातावर ठेवले. अंधार पडेपर्यंत अण्णा ते तसेच मुठीत धरून बसले होते.