अक्काने जोडलेली गाडी

भाच्याचा नाशिकहून फोन आला तेव्हा मी तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये होतो. "मामा, आई गेली... झोपेतच." धुळ्याहून सोनगीर काही लांब नाही. पोचलो, तर ओट्यावर बायका बसलेल्या आणि आत पलंगावर अक्का. चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. दुपारी जरा आडवी व्हायची, तशीच दिसत होती.

अक्का माझी थोरली बहीण. जन्मभर गावातल्या बायकांची पोलकी शिवली तिने. आधी मेहुणे गेले, मग तिचे गुडघे गेले. शेत लांब. कोणाच्या मागे बसून जायचं तर रोज कोणाची तरी मनधरणी. भाचा म्हणायचा, शेत विक आणि आमच्याकडे ये. एकदा मी गेलो, तर ती मेहुण्यांच्या बंद मोटारसायकलसमोर बसलेली.

"भाऊ, हाई तीन चाकनी व्हई का?"

"होईल. मी करून देतो."

"तू काब्र? मले शिकाड."

वेल्डिंग शिकवणं हा माझा धंदाच. मशीन आणलं तशी ती होल्डर उचलायला निघाली. मी आधी रिकाम्या गोठ्यातला कडबा बाहेर काढायला लावला. धूर जायला मागची खिडकी उघडली, वाळूची बादली भरली, उजेडाने कोणाचे डोळे जाऊ नयेत म्हणून दाराशी पत्रा उभा केला. नायलॉनची साडी चालणार नाही म्हटल्यावर तिने सुती लुगडं नेसून वर मेहुण्यांचा जाड शर्ट चढवला, पायांत त्यांचेच बूट. मग जुनं लोखंडी टेबल पाचरी मारून सपाट करत बसलो. तिला हे सगळं वेळकाढूपणाचं वाटत होतं. "गाडी कव्हय व्हई?" एवढंच विचारायची.

भंगाराच्या तुकड्यांवर हात बसला, आणि एके दिवशी मी नसताना तिने गाडीची चौकट जोडायला घेतली. एक बाजू पूर्ण जोडली, मग दुसरी. तापलेलं लोखंड ओढलं गेलं, एक कोपरा वर उचलला. मी आलो तेव्हा चौकट टेबलावर डुगडुगत होती. ती भोवती फिरली, डोळ्यांवरची वेल्डिंगची काळी काच कपाळावर सारली...

"कच्ची शिलाईच ऱ्हायनी, भाऊ."

ग्राइंडरने सगळं कापलं. या खेपेला चारी कोपऱ्यांवर आधी कच्च्या शिलाईसारखे नुसते टाके दिले, दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले, आणि मग इथे थोडं, समोर थोडं, असं जोडत गेली. चाकांचे आणि हँडलचे जोड मात्र मी केले. ते तिने नाइलाजाने मान्य केलं. हायवेवर गाडी न्यायची नाही, फक्त शेताच्या रस्त्याने, हेही.

भाचा चिडला होता. "मामा, तिला काही झालं असतं तर?" अक्का मात्र त्या गाडीवरून शेतात जात राहिली, शेवटच्या आठवड्यापर्यंत.

दिवसकार्य उरकलं तोवर कापूस वेचणीला आला होता. भाच्याने गाडी बाहेर काढली. सीट अक्काने उंच केलेली, गुडघे न वाकवता बसता यावं म्हणून. तो उंच माणूस, हँडल धरायला त्याला पार वाकावं लागलं.

"मामा, ही सीट खाली घेता येईल?"

"येईल. जोड कापावे लागतील."

त्याने सीटखालच्या जोडावरून बोट फिरवलं. जाड, ओबडधोबड होता तो, पण पक्का.

"राहू द्या," म्हणाला, आणि तसाच वाकून शेताकडे निघाला.