काकूंच्या कुंडीतला भाजलेला दाणा

दोन पिल्लं माझ्यामुळे मेली. आणि त्याचा दोष सुमनकाकू महिनाभर स्वतःला देत राहिल्या.

काल सकाळी काकू गेल्या. फोन आल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

२००५. फ्लोरिडा. अमेयची नोकरी आणि माझा डिपेंडंट व्हिसा. काम करायची परवानगी नाही, ड्रायव्हिंग येत नाही, बस नावाचा प्रकार नाही.
नवरा सकाळी सातला जायचा आणि मी खिडकीला.

शेजारी सुमनकाकू राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या, लहान मुलांच्या रिटायर्ड डॉक्टर. आवाज असा की ओपीडी अजून चालूच आहे. मी त्यांना जाम टरकायचे.

दोन्ही घरांच्या मागे वाळूचं रान होतं, डोक्याइतक्या उंच ओकच्या झुडपांचं. त्यात स्क्रब-जे राहायचे. निळे-राखाडी पक्षी, साळुंकीपेक्षा जरा मोठे, भीडभाड शून्य. सरळ डोक्यावर येऊन बसायचे.

त्यांचं एकत्र कुटुंब. आईबाप, आणि धाकट्यांना भरवायला घरीच थांबलेली आदल्या वर्षीची मुलं.
सगळे खाली चरत असताना एक जण वर पहाऱ्यावर. ससाणा दिसला की तो ओरडायचा आणि क्षणात सगळे गडप.

काकू त्यांना रोज शेंगा घालायच्या.
आम्ही राहायला गेलो त्याच वसंतात घरट्यातली सगळी पिल्लं उपाशी मेली.

पक्षी मोजायला येणाऱ्या एका व्हॉलंटिअर बाईंनी कारण सांगितलं. आयतं खाणं मिळालं की हे पक्षी वेळेआधीच अंडी घालतात. पण पिल्लांना दाणे चालत नाहीत, मऊ अळ्या लागतात, आणि अळ्या त्यांच्या वेळेलाच येतात. शिवाय त्यांना खायला घालणं बेकायदेशीर.

"तीस वर्षं आयांना ओरडत आले, बाळाला काहीबाही भरवू नका म्हणून," काकू म्हणाल्या. "आणि मी काय केलं?"

त्या दिवसापासून शेंगा बंद. पक्षी डोक्यावर बसून केस ओढायचे आणि काकू दोन्ही हात खिशात घालून उभ्या.

मलाही दम भरला. "एक दाणासुद्धा नाही. कळलं?"
"हो काकू."

पुढच्या जानेवारीत मी दाणे द्यायला लागले.

कुटासाठी भाजलेले दाणे ओट्यावर होते. चार घेऊन मागे गेले, हात पुढे केला. एक स्क्रब-जे आला आणि बोटांवर बसला.
दिवसभरात मला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं हो.

मग रोज मूठभर. काकू दुपारच्या झोपल्या की. पक्षी थोडे खायचे, बाकीचे इकडेतिकडे वाळूत पुरून ठेवायचे.

फेब्रुवारी संपता संपता काकूंनी कुंपणाशी हाक मारली. चेहरा उतरलेला.
"अगं, अंडी घातली त्यांनी. इतक्या लवकर! मी तर वर्षभर काही दिलं नाही."
मी रानाकडे बघायला लागले.
"माझेच जुने पुरलेले दाणे उकरून खात असणार. म्हणजे पुन्हा मीच."

मी म्हटलं, "असेल काकू."
इतकंच म्हटलं. त्याची लाज अजून वाटते.

मी दाणे थांबवले. आता काय उपयोग? तीन पिल्लं निघाली आणि थंडीची लाट आली.

काकू सकाळपासून घरट्यापासून लांब खुर्ची टाकून, दुर्बीण लावून बसायच्या. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. सगळं कुटुंब अळ्या शोधत धावायचं आणि रिकाम्या चोचीने परत यायचं.

आठवड्यात एक गेलं. चार दिवसांनी दुसरं.

काकूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज कुंपणापर्यंत जायचे आणि "चहा घेणार का काकू?" विचारून परत यायचे.

मग एका सकाळी दार वाजलं.
काकू. हात मातीने भरलेले. त्यांनी टेबलावर एक शेंगदाणा ठेवला.

"कुंडीत सापडला. त्यांनीच पुरलेला."
मी तो उचलून पाहिला.
"मी कच्च्या शेंगा द्यायचे, टरफलासकट. हा भाजलेला आहे."
मी दाणा परत टेबलावर ठेवला.
"कधीपासून?"
"जानेवारी."
"आणि मी महिनाभर स्वतःला खातेय, ते दिसत नव्हतं तुला?"

दिसत होतं. रोज दिसत होतं. मला रडूच फुटलं.
"काकू, दिवसभर बोलायला कोणी नसायचं. ते हातावर येऊन बसायचे..."

आता ओरडणार, असं वाटलं. पण काकू खुर्ची ओढून बसल्या.

"दहा पावलांवर होते मी. माझं दार का नाही वाजवलंस?"
मी डोळे पुसले.
"आणि मी तरी त्यांना शेंगा कशाला घालायचे गं? तुला काय वाटलं?"

मी उठून दोघींसाठी चहा टाकला.

तिसरं पिल्लू जगलं. ते उडेपर्यंत आम्ही दोघी जीव मुठीत धरून बसायचो. पहारेकऱ्याने आवाज दिला की आम्हीसुद्धा मान खाली घालायचो.

माफ केलं, असं काकू कधी म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांनी मला गाडी शिकवली, प्रत्येक वळणावर ओरडत. आम्ही दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला राहायला आलो तरी दर रविवारी त्यांचा फोन. "आज कोणाशी बोललीस?" हा पहिला प्रश्न.

काकू, कालपासून सगळ्यांशी तुमच्याबद्दलच बोलतेय.
माझा शेवटचा नमस्कार घ्या.