मामांच्या मयतातली कॉफी

पहिल्यांदा माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर पावसात भिजल्यासारखं, आणि कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला आजवर नीट कळलेलं नाही. हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालून वाचावं.

तर सांगायचं ते असं, की आमचे सासरे वारले तेव्हा माणसं आमच्याकडे दोन-दोनदा भेटायला आली, आणि ती कॉफीसाठी आली.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. सकाळी ते खाटेवर उठून बसले, "सुमन, पानी आन गं" म्हणाले, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेले. (मी सगळ्याच ठिकाणी उशिरा पोचते. माझ्या स्वतःच्या हळदीलाही मी शेवटी आले होते.) तांब्या हातात धरून मी किती वेळ उभी होते, ते मला आठवत नाही. शेवटी माझ्या मालकांनी तो हातातून काढून घेतला.

आता कॉफीचं सांगते. आमच्या घरात चहा करत नाहीत. सोलापुरात राहून चहा न पिणारं घर म्हणजे लोकांना खोटंच वाटतं. पण मी लग्न होऊन आले त्या दिवशीच आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला बजावलं होतं, "ह्या उंबऱ्याच्या आत चहाची पावडर आनायची न्हाई. त्येंची शपत हाय."

ती शपथ अशी. मामा मूळचे मोडनिंबकडच्या एका खेड्यातले. तिथल्या हॉटेलात आमच्या माणसांचा कप वेगळा असायचा. बाहेर खिळ्याला अडकवलेला, कान तुटलेला. आपणच काढायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचं, आपणच विसळून परत अडकवायचा. पोरवयात एक दिवस मामांनी तो कप दगडावर आपटला आणि गाव सोडलं. सोलापूरला गिरणीत लागले. गिरणीजवळ एका कानडी माणसाच्या हॉटेलात पहिल्यांदा बाकड्यावर बसून कॉफी प्यायले. पिऊन झाल्यावर कप विसळायला उठले, तर हॉटेलवाला म्हणाला, "अहो, राहू द्या टेबलावर. तुम्ही गिऱ्हाईक आहात ना?" तेव्हापासून मामांनी चहा सोडला, जन्मभर कॉफी धरली. हे सगळं आत्याबाई सांगायच्या. मामांनी स्वतः कधी सांगितलं नाही. ते मुळात बोलायचेच कमी. मीही कमी बोलते, त्यामुळे आम्हा दोघांचं छान जमायचं. तासन्‌तास काही न बोलता बसायचो.

माती करून सगळे परत आले. शेजारच्या शकीलाभाभी पिठलं-भाकरी आणि मोठी किटली भरून चहा घेऊन आल्या. दु:खाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात, तसा. आत्याबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांच्या डोळ्यांतून एक थेंब आला नव्हता. किटली बघून त्यांनी हात वर केला.

"भाकरी ऱ्हाऊ दे. किटली परत न्या."

"अम्मा, चाय है बस. दो घोट पी लो."

"त्ये असताना ह्या घरात चहा आला न्हाई, त्ये गेल्यावरबी यायचा न्हाई. जलदानाचा विधी हुस्तवर जो येईल त्येला कॉफीच मिळंल. त्येवढं तरी मी त्येंच्यासाठी करनार." (जलदान म्हणजे आमच्यात मयतानंतर काही दिवसांनी करतात तो विधी.) आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "करशील न्हवं गं?"

मी आजवर कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही. तो शब्द माझ्या घशात येतो आणि तिथंच बसतो. मी म्हटलं, "व्हय."

आता आमच्या वस्तीत चहा म्हणजे नुसतं 'बसा'. कॉफी म्हणजे डॉक्टर, साहेब, नाहीतर मुलीला बघायला आलेली माणसं. आणि चॉकलेट म्हणजे वाढदिवस. हे कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी मी ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या.

"अगं बया, कॉफी?"

"मयताला कॉफी?"

"म्हाताऱ्याची पेन्शन बरी हुती वाटतं!"

माझे कान तापले. मान खाली घालून मी ट्रे फिरवला. एकीने घोट घेतला, दुसरीने घेतला, मग सगळ्यांनीच घेतला. कप चाटल्यासारखे स्वच्छ परत आले.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका परत आल्या. "काल नीट रडायलाच मिळालं न्हाई बग," असं म्हणाल्या. बरोबर त्यांच्या जावा होत्या, नणंदा होत्या. संध्याकाळी वंदना व्हायची. त्रिसरण-पंचशील होऊन सगळे "साधू, साधू, साधू" म्हणायचे, आणि तिसऱ्या 'साधू'ला सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळायच्या! एक गृहस्थ तर रोज यायचे. पुढच्या रांगेत बसायचे, डोळे पुसायचे, दोन कप घ्यायचे. एका संध्याकाळी दुसरा कप हातात घेऊन त्यांनी माझ्या मालकांना हळूच विचारलं, "कोन वारलं म्हनायचं ओ?"

मालक रात्री मला म्हणाले, "हे काय चाललंय? बंद कर."

"तुमीच सांगा आत्याबाईस्नी."

ते आत गेले. आत्याबाई मामांच्या रिकाम्या खाटेवर हात फिरवत बसल्या होत्या. ते तसेच परत आले. "असू दे," म्हणाले.

कॉफी म्हणजे सगळं दूधच. कोपऱ्यावर मलप्पाची डेअरी आहे. मी दूध आणायला गेले की तो मोठ्या मनाने विचारायचा, "वहिनी, आणखी एक कॅन देऊ काय?"

"व्हय."

"सायंकाळला पन पाठवू काय?"

"व्हय."

"पैशाचं काय घाई नाही हं. दु:ख मोठं आहे."

दु:ख मोठं होतंच. दुधाची उधारी त्याहून मोठी व्हायला लागली होती.

मग कॉफीची पाकिटं संपत आली. जुळे सोलापुरातून नणंद आल्या होत्या. मी त्यांना वन्सं म्हणते. फ्लॅटमध्ये राहतात, त्यामुळे त्यांना सगळ्यावर उपाय माहीत असतो. त्यांनी पिशवीतून नातवाचा चॉकलेट पावडरीचा डबा काढला.

"हे घाल निम्मं. रंग तोच असतो, कोणाला कळत नाही."

"वन्सं, मयतात चॉकलेट?"

"वहिनी, तू बोलू नकोस, ढवळ."

मी ढवळलं. जरा जास्तच ढवळलं बहुतेक. कारण त्या दिवशी शाळा सुटल्यावर गल्लीतली पोरं दप्तरासकट आमच्या दारात उभी! मामांच्या फोटोला एकेकाने हात जोडले, इतके मनापासून की मला भरून आलं. मग एकाने विचारलं, "काकू, आजोबांचं चॉकलेटचं दूध हाय का?"

आत्याबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पातेल्यात जाऊन बसावं असं मला वाटलं. एवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली होती, नवऱ्याच्या शेवटच्या मानाची, आणि मी तिची जत्रा करून ठेवली होती. त्या रात्री मी भांडी घासताना खूप रडले. मामांसाठी की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. नळ मोठा सोडला होता, म्हणून बरं.

जलदानाच्या आदल्या दिवशी दुपारी गावाहून दगडूनाना आले. मामांचे बालमित्र. तो कप आपटला तेव्हा नाना शेजारीच बसलेले होते, एवढं आम्हाला माहीत होतं. काठी टेकत, एसटीतून उभ्याने आले होते. फोटोपुढे बसले. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, घोटभर चहा टाक."

खाली बसलेल्या बायकांनी पदर सावरले. मालक खाकरले.

"नाना, आमच्यात चहा करत न्हाईत."

"का? काय झालंय चहाला?"

"असं काय करता दादा?" आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "तुमी संगं हुता की. त्येंनी कप आपटला आन् शपत घेतली, चहाला शिवायचं न्हाई."

"कप आपटला, खरं हाय. काय आवाज झाला म्हनून सांगू! हाटेलवाला आमच्या मागं वेशीपातूर पळत आला." नाना हसले, मग हसू विरलं. "पर शपत? शपत कवा घेतली? वैनी, चहा गावात आला तवा तापाचं औषध म्हनून यायचा. माझी आजी आजाऱ्यालाच द्यायची. मग हाटेल निघालं, आन् कोन आत बसनार, कोन भाईर, त्ये तितं ठरलं. त्यात चहाचा काय गुन्हा? त्येचं भांडान कपासंगट हुतं."

"मग त्येंनी चहा सोडला कशापायी?"

"कुटं सोडला? दर साली जयंतीला मी हितं आलो की स्टँडावर उतरल्या उतरल्या आमी दोगं पयला चहा मारायचो. त्यो बाकड्यावर मांडी घालून बसायचा, राजावानी. दोन कप! कवाकवा तीन!"

आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "त्ये? चहा?"

"व्हय की."

"मग घरात का न्हाई पिले कवा?"

नानांनी माझ्याकडे बघितलं, मालकांकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार की आपण नको त्या घरात आलो. "त्यो म्हनायचा," ते चाचरत बोलले, "म्हनायचा, लगीन झालं तवा मी बायकोला कॉफीच्या हाटेलाची गोष्ट सांगितली. तर दुसऱ्या दिशी तिनं कुटनं तरी कॉफी पैदा केली आन् एवड्या हौसेनं म्होरं ठिवली. तिला लई आवडती रं, दगडू. तिला कसं न्हाई म्हनू? असू दे, म्हनायचा."

"मला?" आत्याबाई उठून उभ्याच राहिल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या आधाराशिवाय उठत नाहीत, पण उठल्या! "मला कॉफी आवडती? आगं माझी आई! कडू जहर लागती मला! नाक दाबून पीत आलीया मी आजपातूर, त्येंच्यासाठी!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. (वन्संच त्या.) आणि आत्याबाईसुद्धा हसायला लागल्या. हसता हसता फोटोकडे वळल्या, "मेल्या मानसा, एकदा बोलायचं हुतंस की रं!" असं म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांचं साचलेलं रडू एकदम बाहेर आलं. त्या रडल्या, नाना रडले, मालक दाराआड जाऊन रडले. रोज येणारे ते गृहस्थही रडले, आणि या वेळी त्यांना कोण वारलं ते माहीत होतं.

डोळे पुसून आत्याबाई म्हणाल्या, "सुमन, चहा टाक."

घरात चहाची पावडर नाही! मी मागच्या दाराने शकीलाभाभींकडे पळाले.

"क्या हुआ भाभी? कॉफी खलास?"

"चहाची पावडर द्या. आत्याबाई चहा पिनार हायत."

भाभींनी वाटी न भरता अख्खा डबाच माझ्या हातात दिला.

आता मी चहा माहेर सोडल्यापासून केलेला नव्हता. किती पावडर, किती वेळ, काही आठवेना. पातेलं तेच, चॉकलेटचा थर तळाला बसलेला. मी उकळला. मग उकळला. भीतीने आणखी उकळला. बाहेर नेला तेव्हा त्याचा रंग आमच्या दाराच्या पायरीसारखा झाला होता.

नानांनी घोट घेतला. डोळे मिटले. सगळे वाट बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "चहा लई वंगाळ झालाय." आणि संपवला. कप त्यांनी तिथंच, फोटोपुढच्या चौरंगावर ठेवला. कुणी उचलायला गेलं नाही.

आत्याबाईंनी एका दमात पिऊन विचारलं, "आनी हाय का?"

दुसऱ्या दिवशी विधी झाला. आलेल्या सगळ्यांना चहा मिळाला, आणि निम्मी माणसं तोंड पाडून घरी गेली. त्यानंतर भेटायला कुणी आलं नाही. घर फार रिकामं झालं. आत्याबाई सकाळी चहा घेतात, खाटेकडे बघत घेतात, आणि अर्धा तसाच ठेवतात.

राहिली मलप्पाची उधारी. ती मी घरच्या कुणाला कळू दिली नाही. टॉवेलच्या कडा शिवायचं काम घेतलं आणि आठवड्याच्या आठवड्याला थोडे थोडे देत गेले. परवा शेवटचे दिले. मलप्पाने पैसे मोजले, कपाळाला लावले, गल्ल्यात टाकले.

"फिटलं बघा वहिनी, सगळं फिटलं," तो म्हणाला. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही. परत घरात असं काय कार्य निघालं, तर दूध आपल्याकडूनच न्यायचं हं!"

आणि मी, दुसरं काय म्हणणार, म्हटलं, "व्हय."