भागीकाकीचं तांबडं बियाणं

हे बायकोला माहीत नाही. ज्या साहेबांच्या हाताखाली नोकरी केली, त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला तरी का सांगतोय — कोण जाणे. पण आता पोटात ठेववत नाही.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीजवळ भाताच्या एका संशोधन केंद्रात मी बियाणं सांभाळायला होतो. भरघोस पिकणारं नवं बियाणं आम्ही गावोगाव वाटायचो आणि जुनी वाणं डब्यांत जपून ठेवायचो. जपून! बघा, शब्द कसा सहज येतो तोंडात.

पावसच्या अलीकडे, खाडीकाठी भागीकाकी राहायची. नवरा मुंबईला, शेती हिच्या एकटीच्या अंगावर. तिच्याकडे एक तांबडं भात होतं. उधाणाचं खारं पाणी शेतात शिरलं तरी ते तग धरायचं. बाकी गावाने आमचं नवं बियाणं केव्हाच घेतलं होतं. काकीलाही मीच पटवलं — मीच. तेव्हा उरलेलं दोन पायल्या जुनं बियाणं तिने माझ्या स्वाधीन केलं. अडीअडचणीला असू दे म्हणाली.

काम ते केवढंसं? चार दिवस उन्हात घालायचं नि डब्यात भरायचं. आज घालू, उद्या घालू करत मी ते ओलसरच कोंबलं आणि शिमग्याला गावी पळालो. पालखी नाचवली. परत येऊन डबा उघडला, तर आंबूस वास. ओल्या फडक्यात शंभर दाणे बांधून पाहिले. एकाला मोड येईल तर शपथ!

साहेबांना सांगता आलं नसतं का? आलं असतं. फार तर चार शिव्या बसल्या असत्या. त्या चार शिव्यांना मी भ्यालो. लांज्याच्या बहिणीकडून तांबडं भात आणलं — डोंगरउताराच्या वरकस जमिनीतलं, खारं पाणी कधी न पाहिलेलं — आणि डब्यात भरलं. चिठ्ठी जुनीच ठेवली.

त्याच पावसाळ्यात उधाणाने बांध फुटला. काकीचं नवं भात उभं जळालं. पुढच्या वर्षी मृगाआधी ती आपलं बियाणं मागायला आली. तेव्हा तरी बोलायचं ना? मी डबा पुढे केला. तिने दाणा चिमटीत धरला, थबकली. डब्यात राहून रंग बदलला काय, म्हणाली. मी हो म्हटलं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिने माझ्यावर जास्त विश्वास ठेवला.

जमिनीत खार मुरलेला; लावणीनंतर पंधरा दिवसांत तेही करपलं. ते वाण गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच. तिच्या पोरांनी वर्षभर विकतचा तांदूळ खाल्ला. पुढे जमीन पडीक राहिली, आज तिथे तिवरांचं रान आहे.

दिवाळीनंतर काकी केंद्रावर आली. डबा परत द्यायला — घासून लख्ख केलेला. डोळे भरलेले. "तुम्ही जपलंत ओ भाऊ, माज्याच हाताला येश नाय. राग नका मानू."

ती माझी माफी मागत होती.

आणि मी म्हटलं, "असू दे काकी, होतं असं." मी तिला माफ केलं.